विशेष काही नाही : पाळत, कर्तव्य आणि विवेक

 

सावनेरात बोलायला उभं राहायचं आणि गडकऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, हे आम्हाला जमत नाही. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी याच गावात गेले. वय अवघं ३३. आज त्यांच्या नाटकांवर बोलायचं नाही, पण त्यांच्या काळच्या रंगभूमीची एक रीत आम्ही उसनी घेणार आहोत. ती म्हणजे स्वगत. पात्र दोन पावलं पुढे येतं आणि मनातलं बोलू लागतं. शेजारी उभ्या असलेल्या पात्राला ते ऐकू जात नाही, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला मात्र स्वच्छ ऐकू जातं. म्हणजे बघा, प्रेक्षक हा एका अर्थानं चोरून ऐकणाराच. फक्त त्याला ऐकलेल्याचा अहवाल कुणाला द्यायचा नसतो. तो टाळ्या वाजवतो आणि घरी जातो.

आजचा विषय आहे तो अहवाल द्यावा लागणाऱ्या माणसाचा. सरकारनं ज्याला दुसऱ्याच्या भिंतीला कान लावून बसवलंय, पगार त्याचाच दिलाय, आणि एके दिवशी त्याच्या लक्षात येतं की आपण जे ऐकतोय ते लिहून देणं बरं नव्हे. अशा माणसानं काय करावं?

या प्रश्नावरची अलीकडची सर्वांत गाजलेली कलाकृती म्हणजे 'द लाइव्हज ऑफ अदर्स' हा जर्मन चित्रपट. दुसऱ्यांची आयुष्यं. दिग्दर्शक फ्लोरियान हेंकेल फॉन डोनर्समार्क, साल २००६. पुढच्या वर्षी त्याला परभाषी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. शेवटही सांगणार आहोत, कारण शेवटाशिवाय टीका करता येत नाही.

१९८४ चं पूर्व बर्लिन. श्टाझी, म्हणजे तिथलं गुप्तपोलीस खातं. त्यातला कॅप्टन गेर्ड व्हीसलर. एकटा, शिस्तीचा, राखाडी जाकिटातला माणूस. चौकशी कशी करावी हे तो नव्या पोरांना शिकवतो. वर्गात एकानं विचारलं की माणसाला इतका वेळ जागं ठेवणं अमानुष नाही का, तर उत्तर देता देता तो हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे फुली मारतो. या व्हीसलरला काम मिळतं गेऑर्ग ड्रायमन या नाटककारावर पाळत ठेवण्याचं. घरात तारा बसवतात, आणि वर माळ्यावर हा कानाला यंत्र लावून बसतो. नाटककार, त्याची सखी आणि नामवंत नटी क्रिस्टा-मारिया, त्यांचे मित्र, त्यांचे रुसवे, त्यांची गाणीबजावणी, सगळं ऐकतो. हळूहळू तो बदलतो. ड्रायमन सरकारविरुद्ध लेख लिहून पश्चिमेला पाठवतो, तेव्हा व्हीसलर अहवालात लिहितो की वर्धापनदिनासाठी लेनिनवर नाटक लिहिणं चाललंय. शेवटी तो पुराव्याचा टंकलेखक घरातून उचलून नेतो. ड्रायमन वाचतो. क्रिस्टा-मारिया वाचत नाही. व्हीसलरला खात्री पटण्याजोगा पुरावा नसतानाही तळघरात पाठवतात, लोकांची पत्रं वाफेवर उघडत बसायला.

या चित्रपटाचं रसग्रहण करणारे बहुतेक लोक एका प्रसंगापाशी थांबतात. ड्रायमनचा एक दिग्दर्शक मित्र, काम करायची बंदी असलेला, आत्महत्या करतो. त्यानं भेट दिलेली संगीतरचना ड्रायमन पियानोवर वाजवतो आणि माळ्यावर व्हीसलरच्या डोळ्यांतून पाणी येतं. झालं, कलेनं पाषाणाला पाझर फोडला. कलावंतांना हे वाचन फार आवडतं, कारण त्यात त्यांचीच आरती आहे.

आमचं वाचन वेगळं आहे. आमच्या मते व्हीसलरला पहिला तडा पियानोनं जात नाही, एका मोटारीनं जातो. पाळत सुरू असताना त्याला दिसतं की क्रिस्टा-मारिया मंत्रिमहोदयांच्या गाडीतून उतरतेय. मग त्याला कळतं की ही सगळी मोहीम राज्याच्या सुरक्षेसाठी नाहीच. मंत्र्याला ही बाई हवी आहे, नाटककार वाटेत आहे, म्हणून त्याच्याविरुद्ध काहीतरी सापडायला हवंय. आणि व्हीसलरचा वरिष्ठ, त्याचा जुना सोबती, हे जाणून आहे. त्याला त्यात बढती दिसतेय.

आता व्हीसलर कोण आहे ते लक्षात घ्या. तो लबाड नाही. तो श्रद्धावान आहे. शत्रूपासून राज्य राखणं हे आपलं काम, असं तो मनापासून मानतो. त्याला राग येतो तो कर्तव्याचा नाही, कर्तव्याच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीचा. पियानो नंतर येतो, तोवर दार किलकिलं झालेलं असतं. कर्तव्य एका पारड्यात आणि विवेक दुसऱ्या पारड्यात, असं चित्र आपण नेहमी रंगवतो. इथे तसं नाही. त्याचा विवेक त्याच्या कर्तव्यबुद्धीच्याच पोटी जन्मला. ज्याला कर्तव्याचं काहीच वाटत नाही त्या वरिष्ठाला शेवटपर्यंत काही टोचत नाही, तो मजेत असतो.

आणि मोटारीची ही गोष्ट मराठी प्रेक्षकाला नवी नाही. तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलं, १९ प्रयोगांनंतर बंद पडलं, पुन्हा उभं राहिलं. त्यात घाशीरामाला कोतवाली कशी मिळते? नानांची नजर त्याच्या मुलीवर पडते, म्हणून. मग रात्री बाहेर पडायला परवाना, याला परवाना, त्याला परवाना, दारोदार झडती. शहराला वाटतं हा कायदा आहे. मुळाशी एका सत्ताधाऱ्याची वासना आहे. बर्लिनचा मंत्री आणि तेंडुलकरांचे नाना एकाच जातकुळीचे. फरक आहे तो मधल्या माणसात. घाशीरामाला सगळं माहीत असतं, कारण व्यवहार त्यानंच केलेला असतो, आणि मग तो सूड घेत सुटतो. व्हीसलरला माहीत नसतं, आणि कळल्यावर तो आतल्या आत थांबतो. म्हणून हुकूम आला की पहिला प्रश्न असा विचारावा: ही गरज राज्याची, की राज्यावर बसलेल्याची? पाळतीच्या कामात हा प्रश्न विचारायची सोयच नसते. कारण सांगायचं नसतं, हाच त्या कामाचा नियम.

आता स्वगताकडे. व्हीसलरला चित्रपटात स्वगत नाही. तो आपल्या मनातलं कुणालाही सांगत नाही, आपल्यालाही नाही. उलरिश म्यूए या नटानं हे काम केलं आहे. हा माणूस स्वतः पूर्व जर्मनीतला, ४ नोव्हेंबर १९८९ च्या बर्लिनमधल्या प्रचंड निदर्शनात भाषण केलेला. त्याच्या चेहऱ्यावर एखादी रेष हलते तेवढंच आपल्या हाती लागतं. एक प्रसंग आठवा. लिफ्टमध्ये एक लहान मुलगा चेंडू घेऊन शिरतो आणि विचारतो, तुम्ही श्टाझीचे ना? माझे बाबा म्हणतात ते वाईट लोक असतात. व्हीसलर सवयीनं विचारू लागतो, नाव काय तुझ्या... आणि थबकतो. वाक्य अर्धवट लोंबतं. मग तो वाक्य पुरं करतो, तुझ्या चेंडूचं? आमच्या मते चित्रपटातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. विवेक म्हणजे काय हे आम्ही वर्गात ३० वर्षं शिकवलं. अर्धा तास बोलूनही जे मुलांपर्यंत पोचत नसे ते इथे दोन शब्दांत आहे. बापाचं नाव विचारणं हे त्याचं काम आहे, ते विचारलं तर एक घर उद्ध्वस्त होईल हे ज्ञान आहे, आणि दोहोंच्या मध्ये जेमतेम एक श्वास आहे.

इथवर कौतुक झालं. आता हरकत.

बर्लिनच्या होहेनशोएनहाउझेन तुरुंगाचं आज स्मारक आहे. त्याचे तेव्हाचे संचालक हुबर्टुस क्नाबे यांनी तिथे चित्रीकरण करू द्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. श्टाझीच्या माणसाला नायक करताय, आणि असा माणूस झालेलाच नाही. दिग्दर्शकानं शिंडलरचं उदाहरण दिलं तर ते म्हणाले, शिंडलर होऊन गेला, व्हीसलर झाला नाही. श्टाझीवर पुस्तक लिहिणाऱ्या ॲना फंडर यांचाही आक्षेप असाच. त्या म्हणतात, या यंत्रणेत काम इतकं वाटलेलं असे, आणि ऐकणाऱ्यावरही ऐकणारा असे, की एकट्यानं कुणाला वाचवणं शक्यच नव्हतं. आकडे बघितले तर पटतं. १९८९ साली श्टाझीचे पगारी नोकर सुमारे ९१,००० होते आणि खबरे सुमारे १,८९,०००. लोकसंख्या दीड कोटीच्या थोडी वर. आणि पाऊल वाकडं पडलं तर काय होई? व्हेर्नर टेस्के नावाचा श्टाझीचाच एक कॅप्टन पश्चिमेला पळून जायच्या बेतात होता. गेला नव्हता, बेतात होता. जून १९८१ मध्ये त्याला मृत्युदंड दिला. पूर्व जर्मनीतली ती शेवटची फाशी ठरली. फाशी म्हणायचं, तिथे मानेत गोळी घालत.

मग श्टाझीच्या माणसाला विवेक नव्हताच का? होता, पण तो चित्रपटासारखा देखणा नव्हता. ९ नोव्हेंबर १९८९ ची रात्र. बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्यावर हाराल्ड येगर नावाचा श्टाझीचा लेफ्टनंट कर्नल कामावर होता. फाटकापाशी हजारोंची गर्दी. तो वरिष्ठांना पुन्हा पुन्हा फोन करतोय, धड हुकूम मिळत नाही. आधी म्हणाले, जास्त आरडाओरडा करणाऱ्यांना सोडा, पण पारपत्रावर असा शिक्का मारा की परत येता येणार नाही. रात्री साडेअकराच्या सुमारास त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडायला सांगितलं. मागे पियानो नव्हता. पुढे माणसं होती, गोळी चालवली तर मरणारी. तिथे त्यानं ठरवलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. हे 'सगळ्यांच्या डोळ्यांदेखत' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बर्लिन सोडून आपल्याकडे येऊ. पाळतीवरचा माणूस आपल्या इतिहासात कुठे आहे? तो सभेच्या पुढच्या रांगेत कागद-पेन्सिल घेऊन बसलेला आहे.

१९१६ साल. लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून दोन वर्षं झालीत. होमरूलचा प्रचार सुरू आहे. १ मे रोजी बेळगाव, ३१ मे आणि १ जून रोजी अहमदनगर, अशी तीन भाषणं झाली, अर्थात मराठीतून. सभेला पोलीस खात्याचे लघुलेखक हजर. त्यांनी उतरून घेतलं, त्याची इंग्रजी भाषांतरं झाली. २३ जुलै हा टिळकांचा साठावा वाढदिवस. एकीकडे लोकांनी लाखाची थैली दिली, आणि त्याच दिवशी सरकारनं नोटीस हातात ठेवली. राजद्रोही भाषणं करता, चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्या. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनं २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि १०,०००चे दोन जामीन मागितले. टिळक हायकोर्टात गेले. वकील होते बॅरिस्टर जिना. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. मुख्य कारण काय? भाषण सबंध वाचलं पाहिजे, मोकळ्या मनानं वाचलं पाहिजे, सुटी वाक्यं काढून त्यांना भलतं वजन देता कामा नये. सबंध वाचलं तर त्यात राज्यकारभाराची रीत बदलण्याची मागणी आहे.

सबंध वाचायला सबंध असावं लागतं ना? ते कुठून आलं? पोलिसांच्याच वहीतून. हा मराठी लघुलेखक, त्याचं नाव आपण कुणी लक्षात ठेवलेलं नाही. सरकारचा पगार खाणारा. गोऱ्या साहेबाला मराठी भाषणाचा ओघ कळायचा नाही, म्हणून याचा कान हवा. त्यानं फक्त झोंबणारी वाक्यं टिपली असती तर साहेब खूश झाला असता. पण वहीत आजूबाजूचंही उतरलं. विनोद उतरले, दृष्टान्त उतरले, बादशहाबद्दल आपला वाद नाही, कारभाऱ्यांबद्दल आहे, हेही उतरलं. आणि त्या भरल्या वहीनं टिळकांना सोडवलं.

उलट बाजूही पाहा. १९०८ च्या खटल्यात 'केसरी'तले लेख सरकारी भाषांतराच्या रूपानं कोर्टापुढे आले. टिळकांनी भर कोर्टात भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, एकेका शब्दासाठी भांडले. ज्युरीनं ७ विरुद्ध २ मतांनी दोषी ठरवलं, सहा वर्षं काळं पाणी. मराठी शब्दाचा इंग्रजीत जाताना काटा थोडा बाजूला सरकला की माणूस मंडालेला जातो.

तेव्हा आमच्या मनात बरीच वर्षं एक सिद्धान्त तयार होता, आणि तो आम्ही अभिमानानं सांगतही असू. व्हीसलर खोटं लिहून एका माणसाला वाचवतो, आपला लघुलेखक खरं लिहून वाचवतो. म्हणून पाळतीवरच्या माणसाला बंड करायची गरज नाही. त्यानं आपलं काम चोख करावं. खरं लिहावं, पुरतं लिहावं, पदरचं घालू नये. कर्तव्य नीट केलं की विवेक त्यातच येतो.

सिद्धान्त चांगला दिसतो. पण तो आम्हाला का हवा होता, ते आता सांगतो.

आणीबाणीतलं १९७६ साल. आम्ही सत्ताविशीत होतो, एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होतो. नोकरी कायम व्हायची होती. मुलांचं एक अभ्यासमंडळ आमच्याकडे होतं, शनिवारी संध्याकाळी जमायचं. एक दिवस ऑफिसातून बोलावणं आलं. साध्या शर्टातले एक गृहस्थ बसले होते, फार सौजन्यानं बोलले. मंडळात काय चर्चा होते याची महिन्याकाठी एक टिपणी देत चला, म्हणाले. तुम्ही जबाबदार माणूस आहात, दुसऱ्या कुणी ऐकीव सांगण्यापेक्षा तुम्हीच खरं काय ते लिहिलेलं बरं. बघा, किती बिनतोड युक्तिवाद! आमच्याच विषयातला. आम्ही लिहिलं.

त्या महिन्यात चर्चा होती हक्कांवर. एक मुलगा, सावनेरजवळच्या खेड्यातला, बोलला की हक्क सरकार देतं असं म्हणणं चूक. सरकार फक्त ते मान्य करतं, किंवा करत नाही. फार चांगला मुद्दा होता. आम्ही तो त्याच्या नावासकट लिहिला. लिहिताना आमच्या मनात दुष्टावा नव्हता हो. उत्तरपत्रिकेत चांगलं वाक्य दिसलं की मास्तर खाली रेघ मारतो ना, तसा आनंद होता.

दहाएक दिवसांनी मुलाचे वडील आमच्या दाराशी उभे. धोतर, हातात टोपी. "सर, माह्या पोट्ट्यानं असं काय म्हटलं जी?" एवढंच विचारलं. मुलाला तीन दिवस ठाण्यात नेऊन बसवून ठेवलं होतं. मारहाण नाही, काही नाही. नुसतं सकाळी बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं. बापानं धसका घेतला, पोराचं नाव कॉलेजातून काढलं आणि शेतीला लावलं. आम्ही वडिलांना म्हणालो, काही विशेष नाही, काळजी करू नका. पुढच्या महिन्याच्या टिपणीत आम्ही तेच तीन शब्द लिहिले: विशेष काही नाही. त्यानंतर दर महिन्याला तेच. चर्चा व्हायच्या, चांगल्या व्हायच्या, आणि आम्ही लिहायचो, विशेष काही नाही. मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली, टिपण्या थांबल्या. आमची नोकरी कायम झाली.

आता सिद्धान्त तपासा. आम्ही खरं लिहिलं, आणि एका मुलाचं शिक्षण सुटलं. खोटं लिहिलं, आणि बाकीची मुलं शिकली. टिळकांचा लघुलेखक खरं लिहून वाचवतो आणि आम्ही खरं लिहून बुडवतो, हे कसं काय?

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला कांटमध्ये सापडलं. कांट खोटं बोलण्याच्या बाबतीत फार कडक, ते तुम्हाला ठाऊक असेल. पण १७९५ साली चिरशांतीवर त्यानं एक छोटा ग्रंथ लिहिला, त्याच्या पुरवणीत एक कसोटी दिली आहे. दुसऱ्याच्या हक्काशी संबंध येणारी कोणतीही कृती घ्या. त्या कृतीमागचं तत्त्व जाहीर करता येईल का, ते पाहा. जाहीर करताच जर ते कोलमडत असेल, तर ती कृती अन्याय्य आहे.

ही कसोटी लावा. नगरच्या सभेतला लघुलेखक उघड बसला होता. टिळकांना तो दिसत होता, श्रोत्यांना दिसत होता. त्याची वही कोर्टात आली, टिळकांच्या वकिलानं ती वाचली, तिच्यावर वाद घातला. लिहिलेल्या माणसाला लिहिणाऱ्याला उत्तर देता आलं. आमची टिपणी? शनिवारी सुरुवातीलाच आम्ही मुलांना सांगितलं असतं, 'बाळांनो, तुम्ही बोलाल ते मी लिहून देणार आहे,' तर मंडळ तिथेच संपलं असतं. म्हणजे ते काम मुळातच अंधारात होण्यासारखं होतं. अंधारात नेलेल्या खऱ्याचं खरेपण शिल्लक राहत नाही, कारण तिथे ते दुरुस्त करायला समोरचा माणूसच नसतो.

आणि म्हणून आमचा चित्रपटावरचा खरा आक्षेप क्नाबेंपेक्षा थोडा निराळा आहे. असा भला माणूस झाला नाही, हा मुद्दा आहेच. पण समजा झाला. तरी ड्रायमनचं आयुष्य माळ्यावरच्या एका माणसाच्या मर्जीवर लटकत होतं ना? बुडवायची ताकद आणि तारायची ताकद एकाच गुप्ततेतून येते. क्रिस्टा-मारियाला विचारा. टंकलेखक कुठे लपवलाय हे तिच्याकडून वदवून घेणारा व्हीसलरच आहे. तो धावत जाऊन तो टंकलेखक उचलतो खरा, पण तिला ते कुठे ठाऊक? आपण विश्वासघात केला, प्रियकर आता पकडला जाणार, या समजुतीत ती रस्त्यावर धावते आणि ट्रकखाली जाते. तिला मारलं ते क्रौर्यानं, आणि तितकंच अंधारातल्या चांगुलपणानंही. चित्रपटानं हे दाखवलंय, पण दाखवून पटकन पुढे गेलाय. आमच्या मते खरी शोकांतिका तिथे होती.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. आपल्याकडे फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यानं दिला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला कुंपण घातलं. हुकूम गृहसचिवानंच द्यावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, एकूण सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये, समितीनं तपासावा, काय ऐकलं आणि कुणाला दिलं याची नोंद ठेवावी. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच निकालात १९७६ चा तो आणीबाणीतला निकाल पुसला गेला, जगण्याच्या हक्कासाठीसुद्धा कोर्टाचं दार बंद, असं सांगणारा. त्या जुन्या बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते आणि तो चूक होता असं २०१७ मध्ये लिहिणारे त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. आमच्या त्या मुलाचा मुद्दा, हक्क सरकार देत नाही, सर्वोच्च न्यायालयात मान्य व्हायला ४१ वर्षं लागली. पण एक गोष्ट राहिलीच. ज्याचा फोन ऐकला, त्याला नंतरसुद्धा कुणी कळवत नाही. तपासणारे सचिव, तपासले जाणारे कागदही सचिवांचेच. ऐकणाऱ्या शिपायानं विवेक कुठे ठेवायचा, याची जागा त्या कुंपणात नाही.

मग वही उघडण्यानं काय होतं? एक उदाहरण देतो. १९८२ साली महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीच्या साधनांचा पहिला खंड काढला. त्यात मुंबई पोलिसांच्या गुप्त अहवालांतले उतारे आहेत. सभेला कोण होतं, बाबासाहेब काय म्हणाले, ठराव कोणते झाले. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी चळवळीवर नजर ठेवायला लिहिलं. आज त्याच चळवळीची नातवंडं ते वाचून आपला इतिहास लिहितात, चुकीचं असेल तिथे चूक दाखवतात. तो कागद उघडा झाला आणि त्याचा मालक बदलला. जर्मनीतही १९९२ पासून लोक आपापली फाइल मागून वाचू लागले. चित्रपटातला ड्रायमन अशीच फाइल वाचतो, शेवटच्या पानावर शाईचा लाल ठसा त्याला दिसतो आणि त्याला कळतं की वर कुणीतरी होतं. तो पुस्तक लिहितो, व्हीसलरच्या सांकेतिक क्रमांकाला अर्पण करतो. व्हीसलर दुकानात ते विकत घेतो. दुकानदार विचारतो, भेट म्हणून बांधून देऊ का? तो म्हणतो, नको, हे मलाच आहे. प्रेक्षक गहिवरतात. आम्हीही गहिवरलो होतो. पण व्हीसलर आणि ड्रायमन समोरासमोर कधीच येत नाहीत, हे आम्हाला आता जास्त खटकतं. ड्रायमन त्याला रस्त्यात लांबून पाहतो आणि गाडीतून निघून जातो. मग उरतं ते दोघांचं स्वगत, संवाद नाही.

म्हणून गेल्या महिन्यात, हे व्याख्यान कबूल केल्यानंतर, आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. मुलगा कसला, आता सत्तरीला आलेला माणूस. इतकी वर्षं बाजारात भेटायचा, वाकून नमस्कार करायचा, आणि आम्ही आशीर्वाद द्यायचो. त्या दिवशी आम्ही सांगितलं, तुझं नाव मीच लिहून दिलं होतं. तू बोललास तेच लिहिलं, शब्द पदरचा घातला नाही, पण लिहिलं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मले तवाच समजलं होतं सर. ठाण्यात सायबानं वाचून दाखवलं न. मी काही इतकं चांगलं बोललो नव्हतो जी."

मंडळी, जवळजवळ ५० वर्षं आम्ही समजत होतो की आपण निदान खरं लिहिलं. त्या मुलानं अडखळत, चाचपडत काहीतरी म्हटलं असणार. आम्ही मास्तरकीच्या खाक्यात त्याची भाषा शुद्ध केली, मुद्दा धारदार केला आणि तो त्याच्या नावावर जमा केला. ज्या धारदार वाक्यासाठी त्याला तीन दिवस बसवलं, ते निम्मं आमचं होतं. आणि ही दुरुस्ती जगात एकच माणूस करू शकत होता, ज्याच्याबद्दल ते लिहिलं होतं तो. त्याला आम्ही कागद दाखवला असता तर तेव्हाच झाली असती.

त्यानं माफ केलं का, असं तुम्ही विचाराल. त्यानं सुनेला चहा टाकायला सांगितला आणि संत्र्याच्या भावाचं बोलू लागला. आम्ही चहा घेतला आणि निघालो. जाताना विचारलं, हे मी सावनेरात जाहीर सांगू का? म्हणाला, सांगा न. फक्त नाव नका घेऊ.

ते आम्ही घेत नाही. एकदा लिहिलं होतं, तेवढं पुरे.